झाकणावरची कोयरी

झाकणाखाली असतं तेच खरं, बाकी सगळी रंगरंगोटी. हे वाक्य एखाद्या मठाच्या भिंतीवर सहज शोभलं असतं. पण ते धुळ्याच्या माझ्या दाजींचं आहे, आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच होतो की गाडी कुणाचीही असो, ते बोनेट उघडायला लावतात. त्यांच्या स्वतःच्या मालट्रका आहेत. बैलबाजारात जाणता माणूस बैलाचे दात बघतो, तसे दाजी इंजिन बघतात, आणि बघून झालं की बैलाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देतात.

माझ्या गाडीचा निकाल त्यांनी मागच्या दिवाळीत दिला होता. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊबीजेला त्यांच्यासह जळगावला आली होती. ओवाळून झालं, जेवण झालं, पान खात खात दाजी अंगणात गेले आणि म्हणाले, "उघडा." मी बोनेट उघडलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"ही गाडी आहे की चूल?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इंजिनाच्या माथ्यावर एक लांबट धातूचं झाकण असतं, मेकॅनिक त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. बोनेट वर केलं की नजर आधी त्यावरच जाते. माझ्या गाडीचं ते झाकण वर्षानुवर्षं तेल पाझरून, त्यावर धूळ बसून, पुन्हा तेल पाझरून असं काही झालं होतं की त्यावर भाकरी शेकून घेतली तरी कुणाला नवल वाटलं नसतं. इंजिन मात्र ठणठणीत होतं. पण ते ऐकायला लागतं, आणि दाजी बघणारे आहेत.

हा विषय तिथंच संपला असता. पण उन्हाळ्यात भाचीचं, म्हणजे अक्का-दाजींच्या मुलीचं, लग्न ठरलं आणि तिने घरात जाहीर करून टाकलं, "मंडपात मामाच नेतो ना? मग मामाच्या गाडीतून जाणार. आणि गाडी मी चालवणार."

ती गाडी शिकली तीच मुळी माझ्या या गाडीवर. शाळेची शेवटची सुट्टी तिने जळगावात काढली होती, आणि आम्ही दोघं रोज सकाळी नशिराबादच्या बाजूच्या एका मोकळ्या रस्त्यावर जाऊन क्लच सोडण्याचा सराव करायचो. गाडी बेडकासारखी उड्या मारायची, ती खिदळायची आणि मी डॅशबोर्डला धरून बसायचो. पुढे ती पुण्याला शिकायला गेली, नोकरीला लागली, ऑटोमॅटिक गाड्या चालवू लागली. पण फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मामा, आपली कशी आहे?" आपली म्हणजे गाडी. मी कसा आहे, हे ती नंतर विचारायची.

दाजींनी लग्नासाठी एक लांबलचक पांढरी गाडी ठरवली होती, ड्रायव्हर टोपीसकट. स्वागताची कमान होती, आकाशातून चित्रीकरण करणारा ड्रोन होता, नवरी येताना धूर सोडणारं एक यंत्र होतं. या सगळ्यात माझी गाडी म्हणजे मिरवणुकीत शिरलेली म्हैस.

"नवरी गाडी चालवत मंडपात येणार, तर नवरदेवाने काय मागे धावत यायचं?" दाजी फोनवर म्हणाले.

मागून भाचीचा आवाज आला, "त्याला सांगितलंय मी. तो म्हणतो, चालेल."

"चालेल काय! लोकं काय म्हणतील? आणि भर रस्त्यात वाजंत्र्यांसमोर ती चूल बंद पडली तर?"

मुलीपुढे ते फार वेळ टिकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. शेवटी तडजोड झाली. हळदीच्या दिवशी गाडी धुळ्यात दारासमोर उभी करायची. दाजी बोनेट उघडतील. पसंत पडली तर भाची चालवील, नाहीतर पांढरी गाडी. "कबूल?" ते म्हणाले. "कबूल," भाची म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, पण माझ्या अंगात त्या क्षणापासून वारं शिरलं.

रंगाने इंजिन सुधारत नाही, हे मला कळतं. दाजींनाही कळतं. पण परीक्षा तोंडी नव्हती, बघायची होती. आणि बघायच्या परीक्षेचा अभ्यास ब्रशने करायचा असतो.

रंगाच्या दुकानात मी उष्णता सोसणारा लाल स्प्रे मागितला. दुकानदाराने विचारलं, "सायलेन्सरला का?" म्हटलं, इंजिनाच्या झाकणाला. तो म्हणाला, "ते कोण बघतं?" मी म्हटलं, "आमचे दाजी." त्याने मान डोलावली आणि एक डबा प्रायमरचाही पुढे सरकवला. असे पाहुणे प्रत्येकालाच असतात.

दुसऱ्या सकाळी ऊन चढायच्या आत नट सोडवले. झाकण जागचं हलेना. जुनं रबरी गॅस्केट डिंकासारखं चिकटून बसलं होतं. लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी हलके ठोके देत बसलो आणि एका ठोक्याला 'चप्' असा आवाज होऊन ते सुटलं. आतलं पाहून मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. इंजिनाच्या पोटात सगळं मधासारखं पिवळसर, ओलं, चकचकीत होतं. बाहेरून चूल आणि आतून मधाचं पोळं!

बायकोने वाकून पाहिलं. "छान आहे. आता एवढंच उघडलंय तर स्वयंपाकघराच्या दाराला पण रंग देऊन टाका. ते तर रोज दिसतं."

मी उघड्या इंजिनावर स्वच्छ कापड आणि त्यावर प्लास्टिक बांधलं, कारण मे महिन्यात जळगावच्या वाऱ्यात हवेपेक्षा माती जास्त असते. मग झाकण डिझेलने धुतलं, तारेच्या ब्रशने घासलं, साबणाने धुतलं, पुन्हा घासलं. काळ्या पाण्याच्या बादल्या गटारात गेल्या. हळूहळू खालून करडा धातू दिसायला लागला, त्याच्या कडेची उठावाची अक्षरं दिसायला लागली. इतकी वर्षं गाडी माझ्याकडे होती आणि तिथं काही लिहिलंय हे मला माहीत नव्हतं. पुरातत्त्व खात्यातल्या लोकांना ताम्रपट सापडल्यावर काय वाटत असेल, ते मला कळलं. ताम्रपटावर मात्र तेल भरायचं प्रमाण लिहिलेलं होतं.

पॉलिश पेपर घासताना शेजारचे नाना भिंतीवरून डोकावले. "काय, इंजिनला मेंदी लावणार का?"

"हळद आहे नाना. मेंदी उद्या."

रंग द्यायला गच्ची ठरवली. कुठल्याही कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का करतात; आमच्याकडे ती भट्टी वर्षातून दोन महिने फुकट असते. मे महिन्याच्या दुपारी जळगावच्या गच्चीवर चप्पल सोडून गेलेला माणूस नाचतच परत येतो. अडचण एकच होती. गच्ची आईच्या ताब्यात होती.

तिच्या बिबड्या चालल्या होत्या. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, तीळ घालायचे, आणि ओल्या हाताने कापडावर पातळ थापून उन्हात वाळवायचा. भाजून शेंगदाण्याबरोबर खाल्ल्या की माणूस खानदेशातून हलत नाही. नातीच्या रुखवतात बाजारचे पापड जाणार नाहीत, असं आईने ठरवलं होतं, म्हणून गच्चीभर जुन्या साड्या अंथरून त्यावर बिबड्यांची पलटण मांडली होती. मला पाण्याच्या टाकीजवळचा एक कोपरा मिळाला.

"काय करी राह्यना रे तू आठे?" तिने विचारलं. आई अमळनेरकडची, घरात आम्ही सगळे पुस्तकी मराठी बोलतो आणि ती तिची भाषा बोलते. आजवर तिचं बोलणं कुणाला समजलं नाही असं झालेलं नाही.

"झाकणाला रंग देतोय. तुझ्या नातीच्या गाडीला."

"दे. मन्ह्या बिबड्यासवर उडाले नको."

प्रायमर दिला, तो बघता बघता वाळला. मग लाल. पहिला फवारा मारला आणि मी दोन पावलं मागे सरलो. करड्या धातूवर तो लाल असा उतरला, जसा रानात पळस एकदम पेटतो. मला गाणं सुचत होतं, मी शिट्टी वाजवत होतो. डब्यावर लिहिलं होतं, पातळ थर द्यावेत आणि मध्ये थांबावं. असल्या सूचना शांत डोक्याच्या माणसांसाठी असतात. मी थरावर थर चढवले. डबा शेवटचा फुसफुस आवाज करून रिकामा झाला तेव्हा झाकणावर माझा चेहरा दिसत होता. मी त्याचा फोटो काढून भाचीला पाठवला.

लगेच फोन. "मामा! शालू पण असाच लाल आहे! आई गं, काय दिसतंय! बाबांना नको दाखवू हं आत्ताच."

झाकण उन्हात ठेवून मी जेवलो आणि पंख्याखाली झोपलो. धुळ्याला निघायचं होतं दुसऱ्या दिवशी पहाटे. संध्याकाळी झाकण बसवायचं, नवं गॅस्केट तयार होतं, सगळं वेळेत होतं.

ऊन कलताना वर गेलो तर झाकण पालथं पडलेलं. आजूबाजूच्या सगळ्या बिबड्याही पालथ्या. आई कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत उभी होती.

"हे कुणी उलटं केलं?"

"मी. बठ्ठं पालटी टाकं. एक बाजू वाळनी का दुसरी बाजू ऊनले देनी पडस ना?"

तिच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर ती दुपारी गच्चीवर जाते आणि जे जे पसरलेलं असेल ते ते पालटते. बिबडी, कुरडई, मिरची, गादी. त्या रांगेच्या शेवटी एक लाल, लांबट, वाळत घातलेली वस्तू होती. तिची एक बाजू वाळलेली दिसत होती. आईने ती उचलून, रांगेतल्या साडीच्या काठावर, इतरांसारखीच नीट पालथी घातली होती.

मी झाकण धरलं आणि वर उचललं. साडीही बरोबर उठली. थर इतके जाड होते की वरून कोरडा दिसणारा रंग आतून लोण्यासारखा मऊ होता, त्यात झाकणाचं वजन आणि गच्चीचा तवा. मी साडी हळूहळू सोलून काढली. खाली जे दिसलं ते बघून मी टाकीला टेकून बसलो. झाकणाच्या माथ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साडीचा जरीकाठ उमटला होता. कोयऱ्यांची अख्खी ओळ, प्रत्येक कोयरीत बारीक वेलबुट्टी, दोन्ही बाजूंना रुईफुलांची रेघ. सरळ, स्वच्छ, जणू साच्यातून काढली होती. एका कोपऱ्यात बिबडीचा टवकाही रुतला होता, तिळासकट.

बायको वर आली. तिने झाकण बघितलं, साडी बघितली, आणि आवाज खाली आणला. "ही साडी कुठली, लक्षात आहे ना?"

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. अक्काच्या लग्नात दाजींनी सासूला दिलेली मानाची साडी. तिची गोष्ट दाजी अजून सांगतात: कसे ते स्वतः येवल्याला गेले, कसं दुकान बंद होत आलं होतं, कसं त्यांनी मागाजवळ उभं राहून हाच काठ हवा म्हणून सांगितलं. वर दर वेळी विचारतात, "आहे ना अजून?" आणि आपण म्हणतो, "आहे ना."

"आई, या साडीवर बिबड्या?"

"आंगवर टोचस ती," आई म्हणाली. "काठ जड शे. वारामा उडत नही. बिबड्याले तीच बेस."

रंग खरवडून नव्याने द्यायला वेळ नव्हता. दुकानं बंद व्हायला आली होती आणि आमचा डबा रिकामा होता. मी फोटो भाचीला पाठवला, साडीचं काही न सांगता. ती हसता हसता गुदमरली. "मामा, हात लावशील तर बघ! जगात कुणाच्या इंजिनला काठ नसेल. असंच बसव." मी तिळाचा टवका काढू पाहिला, तो रंगासकट निघायला लागला, म्हणून राहू दिला. झाकण बसवलं, नट आवळले, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि तेलाचा थेंब बाहेर नाही. हा आनंद पूर्ण घेता आला असता, जर दुसऱ्या दिवशी ते झाकण दाजी बघणार नसते.

पहाटे निघालो. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. आई मागच्या सीटवर बिबड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी वाटेत तिला म्हटलं, "दाजींनी विचारलं तर तू काही बोलू नको." ती म्हणाली, "मी कसाले बोलू?" हे वाक्य ती नेहमी बोलायच्या आधी म्हणते.

धुळ्यात दारात कमान लागली होती. कमानीवर वधूवरांच्या नावांहून दाजींचं नाव मोठं होतं. खाली चार-दोन पाहुणे उभे होते आणि त्यांच्या मधोमध, नव्या कुर्त्यात, दाजी. मागे ती पांढरी गाडी चकाकत होती. भाची हळदीने पिवळी झालेली, हात अंगापासून लांब धरून पायरीवर येऊन उभी राहिली. ती हसत होती, पण खालचा ओठ दातात धरला होता. लहानपणी निकालाच्या दिवशी धरायची तसा.

दाजींनी चष्मा चढवला. भर उन्हात मोबाइलचा टॉर्चही लावला. "उघडा."

मी बोनेट वर केलं. आधी आला तो वास. तापलेल्या झाकणावर तो टवका चांगला भाजला गेला होता. लसूण, तीळ, ज्वारी. पाहुण्यांतला एक जण इकडेतिकडे बघायला लागला. पण दाजींचं नाक मध्ये आलं नाही. ते बघत होते. लाल झाकण उन्हात झळाळत होतं. त्यांनी अंगठा पुढे केला, चटका बसेल म्हणून मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि काठावरून हवेतल्या हवेत फिरवला.

"कोयरी," ते म्हणाले.

त्यांनी टॉर्च आणखी जवळ नेला.

"ही कोयरी मी कुठंतरी पाहिलीय."

अक्काने पदर तोंडाला लावला. ती ओळखून चुकली होती. मी खुलासा काय करावा याची जुळवाजुळव करत होतो तोवर आई गाडीतून उतरली.

"पाहीच व्हई. तुमनीच साडीना काठ शे तो, जवाईबापू. लगीनमा दिन्ही व्हती ती."

"माझी साडी?" दाजी वळले. "मी दिलेली? तिचा काठ... इंजिनावर?"

"हां."

"कुणी केलं हे?"

"मी करं. मन्हा हातघाई." आईने दोन्ही तळवे पुढे केले. "गच्चीवर, भर उन्हमा."

"या वयात? उन्हात?"

"मंग? ऊन नही लागनं तं ते व्हतच नही."

प्रत्येक शब्द खरा होता. दाजी आईकडे बघत राहिले. मग झाकणाकडे. मग पुन्हा आईकडे. मोठे समारंभ करणाऱ्या माणसाची एक गोची असते: समोर जे घडतं ते त्याला आपल्यासाठीच केलेलं वाटतं. त्यांचा आवाज बदलला. "एवढी वर्षं साडी जपली," ते पाहुण्यांना म्हणाले, "आणि नातीच्या लग्नाला तिचा काठ स्वतःच्या हाताने गाडीवर चढवला. बघा. याला म्हणतात मान." त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. तो पुसायची गरज काचांना नव्हती.

आईने माझ्याकडे बघितलं. "काय म्हनी राह्यनात हाई?" मी म्हटलं, "पसंत आहे म्हणतायत."

"बाबा," भाची पायरीवरून म्हणाली, "पसंत?"

"पसंत काय विचारतेस! हीच गाडी पुढे. ती पांढरी मागे येऊ दे, नवरदेवाचे काका बसतील."

भाचीने हळदीच्या हातांनी मला मिठी मारली. माझा शर्ट गेला, मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लाल शालूत स्टिअरिंगमागे बसली. मुंडावळ्या कानामागे अडकवल्या, बांगड्या कोपराकडे सारल्या, चपला काढून माझ्या पायाशी टाकल्या. "मामा, धरून बस. सवय आहे ना?" पहिला गिअर पडला आणि गाडी लोण्यासारखी सुटली. पुढे बँड. बँडवाल्यांच्या अंगात आलेलं. ते पुढे सरकेनात. वर ड्रोन घोंघावत होता. तापमानाचा काटा वर चढायला लागला. ती म्हणाली, "मामा, काटा." मी म्हटलं, "दिसतोय." मंगल कार्यालयाची कमान समोर होती, एवढ्यात बंद पडली असती तर पांढरी गाडी मागेच होती. भाचीने मुंडावळी सावरली आणि हॉर्नवर हात ठेवला, तो उचललाच नाही. क्लॅरिनेटवाला उडी मारून बाजूला झाला, ताशेवाले दुभंगले, आणि आम्ही यंत्राच्या धुरातून थेट मंडपाच्या दाराशी. गल्लीतल्या पोरी कठड्यावरून ओरडत होत्या, "नवरी चालवतेय! नवरी!" ती किल्ली काढून माझ्या हातात देत म्हणाली, "एकदाही उडी मारली नाही, बघितलंस ना?" मग माझा हात धरून आत गेली. मी तिला नेतोय, की ती मला, हे फोटोत नीट कळत नाही.

दाजी आता ती गोष्ट येवल्याच्या गोष्टीला जोडून सांगतात. बोलता बोलता विचारतातही, "साडी आहे ना अजून?" आम्ही म्हणतो, आहे.

काठाला लाल रंग लागल्यामुळे आई तिच्यावर बिबड्या घालत नाही. साडी आता गाडी पुसायला आहे.